काळ्या जोडीची पिवळी पिल्लं

नर काळाकुळकुळीत, मादीही तशीच, आणि वेतातल्या आठ पिल्लांत दोन पिवळी, एक चॉकलेटी. लॅब्रडॉर पाळणाऱ्या घरात असं घडलं की पहिला संशय मादीवर जातो. फाटक उघडं राहिलं असणार, गल्लीतलं एखादं कुत्रं आत शिरलं असणार. नराचा मालक म्हणतो, ही पिल्लं माझ्या कुत्र्याची नव्हेत. कबूल केलेल्या पिल्लावरून किंवा पैशावरून वाद होतो, जुन्या ओळखी तुटतात. आणि बहुतेक वेळा त्यात कुणाचीच चूक नसते. नोंद झालेला पहिला पिवळा लॅब्रडॉर, इंग्लंडमधला ‘बेन ऑफ हाइड’, 1899 साली काळ्या आईबापांच्याच पोटी जन्मला होता.

कुत्र्याच्या अंगावर दिसतो तेवढाच रंग त्याच्याजवळ असतो, हा समज या सगळ्या घोटाळ्याच्या मुळाशी आहे. कुत्रा न दिसणारे रंगही जवळ बाळगून असतो आणि ते पिल्लांना देतो. जोडी लावणाऱ्यानं आणि पिल्लू विकत घेणाऱ्यानं हे एवढं नीट समजून घेतलं, तर पुष्कळ भांडणं टळतील. त्याहून महत्त्वाचं म्हणजे काही आंधळी-बहिरी पिल्लं जन्मालाच येणार नाहीत.

कुत्र्याच्या केसात रंगद्रव्यं दोनच असतात. युमेलॅनिन हे काळं, आणि फिओमेलॅनिन हे पिवळ्यापासून तांबड्यापर्यंतचं. डोबरमन असो, गोल्डन रिट्रीव्हर असो की दारातला गावठी असो, त्यांचे रंग या दोघांतूनच तयार होतात. चॉकलेटी हा काळ्याचाच बदललेला प्रकार, निळसर राखाडी हा काळ्याचाच फिकट केलेला प्रकार. पांढरा म्हणजे वेगळं रंगद्रव्य नव्हे. त्या जागी रंग बनवणाऱ्या पेशी पोचलेल्या नसतात, किंवा पिवळा इतका फिका झालेला असतो की आपल्याला पांढरा वाटतो. हे दोन पांढरे एकमेकांपासून अगदी निराळे आहेत, त्याकडे पुढे येऊ.

कुत्र्यात गुणसूत्रांच्या 39 जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक गुणसूत्र आईकडून येतं, एक बापाकडून. म्हणून रंगाच्या प्रत्येक जनुकाच्याही दोन प्रती असतात आणि पिल्लाला आईबापांकडून त्यातली एकेक मिळते. कोणती मिळेल ते निव्वळ योगायोगावर. काही प्रती अशा की एकच असली तरी आपला प्रभाव दाखवतात. त्यांना प्रभावी म्हणतात. काही दोन्ही बाजूंनी आल्या तरच दिसतात, त्या अप्रभावी. ‘पिल्लं रंगात बापावर जातात’ असं जुने पाळणारे सांगतात, त्याला आधार नाही. दोघांचा वाटा सारखाच असतो. पिल्लू नर आहे की मादी यावरूनही रंग ठरत नाही. मांजरात मात्र भगव्या रंगाचं जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतं, म्हणून तिरंगी मांजर जवळजवळ नेहमीच मादी निघते. कुत्र्याच्या बाबतीत तो नियम लावू नका.

लॅब्रडॉरचे तीन रंग, दोन जनुकं

शिकायला लॅब्रडॉरइतकी सोपी जात नाही. एक तर आपल्याकडे ती घरोघरी आहे. दुसरं, तिचे तिन्ही मान्य रंग, म्हणजे काळा, चॉकलेटी आणि पिवळा, मुख्यतः दोनच जनुकांवर ठरतात.

पहिलं जनुक काळं रंगद्रव्य खरोखर काळं राहणार की चॉकलेटी होणार ते ठरवतं. काळी प्रत प्रभावी, चॉकलेटी प्रत अप्रभावी. दुसरं जनुक हे काळं किंवा चॉकलेटी रंगद्रव्य केसात उतरू द्यायचं की नाही ते ठरवतं. इथे ‘उघडी’ प्रत प्रभावी आणि ‘बंद’ प्रत अप्रभावी असं म्हणू. टाकी काठोकाठ भरलेली आहे पण नळ बंद आहे, तशी पिवळ्या लॅब्रडॉरची स्थिती असते. त्याच्याजवळ काळा रंग असतो, पण दोन्ही प्रती बंद असल्यामुळे केसात फक्त पिवळा उतरतो.

टाकीत काळा आहे की चॉकलेटी, हे पिवळ्या कुत्र्याच्या नाकावर कळतं. बंद प्रतींचा अंमल केसांवर चालतो, नाकाच्या आणि ओठांच्या कातडीवर नाही. काळं नाक असेल तर निदान एक काळी प्रत आहे. नाक, ओठ आणि पापण्यांच्या कडा तपकिरी असतील तर दोन्ही प्रती चॉकलेटी. नुसत्या नाकावर मात्र जाऊ नका. पुष्कळ पिवळ्या कुत्र्यांचं काळं नाक थंडीत किंवा वयानं फिकटतं आणि गुलाबीसर दिसू लागतं. पापण्यांच्या आणि ओठांच्या कडा सहसा तशा फसवत नाहीत.

आता जोड्या बघा. पिवळ्याला पिवळी लावली तर सगळी पिल्लं पिवळीच होणार, कारण दोघांकडे द्यायला बंद प्रतीखेरीज काही नाही. अशा वेतात काळं पिल्लू निघालं तर मात्र शंका घ्या, तिथे ती रास्त आहे. चॉकलेटीला चॉकलेटी लावली तर काळं पिल्लू होणार नाही; चॉकलेटी होतील, आणि दोघेही एकेक बंद प्रत बाळगून असतील तर सरासरी चौथा हिस्सा पिवळी होतील, तपकिरी नाकाची. पिवळ्याला चॉकलेटी लावली की गंमत होते. पिवळ्याच्या दोन्ही प्रती काळ्या असतील आणि चॉकलेटीच्या दोन्ही प्रती उघड्या असतील, तर झाडून सगळी पिल्लं काळी निघतात. आईबापांपैकी कुणीच काळं नाही आणि वेत मात्र अख्खं काळं! हे पाहून चक्रावलेली माणसं पुष्कळ आहेत.

आणि सुरुवातीची ती जोडी. दोन्ही काळे, पण प्रत्येकाजवळ एक चॉकलेटी आणि एक बंद प्रत लपलेली. अशा जोडीला सोळा पिल्लांमागे सरासरी नऊ काळी, तीन चॉकलेटी आणि चार पिवळी होतात. त्या चारांतलं एक तपकिरी नाकाचं. शाळेत मेंडेलच्या वाटाण्यांचं कोष्टक ज्यांनी मांडलं असेल त्यांना हे प्रमाण ओळखीचं वाटेल. फरक इतकाच की वाटाण्यात चार तऱ्हा वेगळ्या दिसतात, इथे शेवटच्या दोन पिवळ्याखाली एकत्र होतात.

‘सरासरी’ हा शब्द जपून वापरा. शक्यता प्रत्येक पिल्लाची स्वतंत्र असते, वेताची नव्हे. पहिली तीन पिल्लं काळी झाली म्हणून चौथं पिवळं होईलच असं नाही. दोन्ही काळे आईबाप बंद प्रत बाळगून असले तरी आठही पिल्लं बिनपिवळी निघण्याची शक्यता जवळपास 10 टक्के असते. म्हणून ‘मागच्या वेतात सगळी काळी होती, याच्यात पिवळा नाही’ हा ब्रीडरचा दावा पुरावा म्हणून चालत नाही. उलट एक पिवळं पिल्लू निघालं की शंका उरत नाही. दोघांजवळही बंद प्रत होती.

क्रीम आणि गडद लालसर या पिवळ्याच्याच छटा आहेत. त्या इतर जनुकांनी ठरतात, आणि तिथे दोन जनुकांचा सोपा हिशेब चालत नाही. लालसर जोडीची पिल्लं साधारणपणे लालसरकडे झुकतात, इतकंच सांगता येतं. ‘फॉक्स रेड’ म्हणून जादा पैसे मागणाऱ्याला हे ऐकवायला हरकत नाही.

एका जातीचा नियम दुसरीला लावू नका

लॅब्रडॉरमध्ये काळा रंग प्रभावी आहे. त्यासाठी आणखी एक जनुक काम करतं, ते 2007 साली स्टॅनफर्डच्या गटानं शोधलं. शरीराच्या प्रतिकारशक्तीतल्या प्रथिनांच्या कुळातलं ते निघालं. याची प्रभावी प्रत असली की पिवळ्या-काळ्याची नक्षी झाकली जाते आणि कुत्रा सरसकट काळा होतो. त्याच जनुकाची आणखी एक प्रत बॉक्सर आणि ग्रेट डेनच्या अंगावर वाघासारखे पट्टे उठवते. दोन वर्षांनी असंही दिसून आलं की उत्तर अमेरिकेतल्या काळ्या लांडग्यांचा काळा रंग कुत्र्यांकडून आलेला आहे.

पिवळ्या लॅब्रडॉरची आणि काळ्या-तांबूस जर्मन शेफर्डची संकरित पिल्लं बहुतेक वेळा काळी निघतात. पिवळ्या लॅबजवळ सरसकट काळा करणारी प्रत लपलेली असते आणि शेफर्डकडून उघडी प्रत मिळते. दोन्ही एकत्र आल्या की पिल्लू काळं. गोल्डन रिट्रीव्हर आणि काळ्या लॅबची पिल्लंही याच कारणानं सहसा काळी होतात.

जर्मन शेफर्डमधला पूर्ण काळा मात्र बहुधा वेगळ्याच जनुकाचा, आणि अप्रभावी असतो. तिथे दोन काळ्या-तांबूस कुत्र्यांना काळं पिल्लू होऊ शकतं, आणि अशा दोन काळ्यांना फक्त काळीच होतात. लॅबच्या नेमकं उलट. ‘काळा काळ्यावर चढवला की काय होतं’ या प्रश्नाला जात विचारल्याशिवाय उत्तर देऊच नये.

शेफर्डमधल्या काळ्यामागचं हे वेगळं जनुक नक्षीचं आहे, ते केसात कुठे काळा आणि कुठे पिवळा उमटेल ते ठरवतं. डोबरमन आणि रॉटवायलरच्या भुवयांवरचे, छातीवरचे, पायांवरचे तांबूस डाग त्याचेच. आपल्या गावठी कुत्र्यांत इतका सर्रास दिसणारा तांबूस-पिवळा रंगही याच जनुकातून येऊ शकतो. 2021 साली या जनुकाची नव्यानं मांडणी झाली आणि प्रतींची नावं बदलली. त्यामुळे जुना आणि नवा डीएनए रिपोर्ट शेजारी ठेवले तर एकाच कुत्र्याला वेगवेगळी चिन्हं दिसतील. घाबरू नका, प्रयोगशाळेला विचारा. त्याच संशोधनातून पुढे आलं की फिकट पिवळ्या रंगाची एक प्रत, वीस लाख वर्षांपूर्वी करड्या लांडग्यांपासून फुटून निघालेल्या आणि आता नामशेष झालेल्या एका प्राण्याकडून आलेली आहे. दारात झोपलेल्या पिवळ्या कुत्र्याच्या अंगावर इतका जुना वारसा असू शकतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मर्ल: इथे चूक परवडत नाही

राखाडी पार्श्वभूमीवर काळे फाटके डाग, कधी एखादा निळा डोळा. याला मर्ल म्हणतात. डॅशहुंडमध्ये त्याला डॅपल म्हणतात. ग्रेट डेन, कोली, बॉर्डर कोली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड यांत तो आहे. हल्ली ‘एक्झॉटिक’ म्हणून फ्रेंच बुलडॉग आणि पोमेरेनियनमध्येही मर्ल पिल्लं विकली जातात. 2006 साली या रंगाचं मूळ सापडलं. रंगाच्या एका जनुकात बाहेरचा एक तुकडा शिरला आहे आणि तो काळ्या रंगद्रव्याची घडण मध्येच विस्कटतो.

मर्ल प्रभावी आहे. एक प्रत पुरते, आणि एका प्रतीचं कुत्रं बहुधा ठणठणीत असतं. धोका दोन प्रतींत आहे. मर्लवर मर्ल लावला की प्रत्येक पिल्लाला दोन्ही प्रती मिळण्याची शक्यता चारात एक. अशी पिल्लं बरीचशी पांढरी असतात. त्यांतल्या अनेकांना ऐकू येत नाही, डोळे लहान किंवा नीट न घडलेले असतात, काही पूर्ण आंधळी असतात. हे अपघातानं होत नाही. माणसानं लावलेल्या जोडीमुळे होतं. म्हणून मर्लची जोडी नेहमी बिनमर्ल कुत्र्याशीच लावायची. यात कुठलाही अपवाद मी मानत नाही. ‘माझ्याकडे दोनदा लावली, काही झालं नाही’ असं कुणी सांगितलं तरी नाही.

खरी अडचण लपलेल्या मर्लची आहे. मर्ल फक्त काळ्या किंवा चॉकलेटी रंगद्रव्यावर उमटतो, पिवळ्यावर नाही. त्यामुळे क्रीम किंवा पिवळा दिसणारा कुत्रा मर्ल असूनही तसा दिसत नाही. ज्या जातीत मर्ल आहे, त्या जातीतल्या क्रीम कुत्र्याची जोडी मर्लशी लावण्याआधी डीएनए चाचणी केलीच पाहिजे. मर्ल दिसलेल्या घराण्यातल्या इतर कुत्र्यांचीही करावी, कारण कधी मर्ल इतका अस्पष्ट असतो की एखाद्या कोपऱ्यातल्या डागाखेरीज काही दिसत नाही.

ग्रेट डेनमधला हार्लेक्विन, म्हणजे पांढऱ्यावर काळे फाटके ठिपके, मर्लवर आणखी एक जनुक बसून तयार होतो. त्या दुसऱ्या जनुकाच्या दोन प्रती आल्या तर पिल्लू गर्भातच मरतं. हार्लेक्विनला हार्लेक्विन लावणं म्हणजे मर्लवर मर्लही आलं आणि हेही आलं. हा रंग कधीच सरसकट उतरत नाही. अशा वेतात काळी, मर्ल, हार्लेक्विन अशी मिसळ निघणारच. ती निघाली म्हणून ब्रीडर फसवतो आहे असं समजू नये.

पांढरा कोणता ते ओळखा

सामोयेडचा किंवा पांढऱ्या शेफर्डचा पांढरा म्हणजे फिका झालेला पिवळा. डोळे गडद, नाक-ओठ काळे, कातडीत रंग. या पांढऱ्याचा कानांशी संबंध नाही.

पांढऱ्या बॉक्सरचा, बुल टेरियरचा, डाल्मेशियनचा पांढरा वेगळा. गर्भात रंग बनवणाऱ्या पेशी पाठीच्या कण्याजवळ जन्मतात आणि तिथून सगळ्या अंगभर पसरतात. जिथे पोचत नाहीत तिथे पांढरं राहतं. म्हणूनच पायांची टोकं, छाती, शेपटीचं टोक आणि कपाळ आधी पांढरं दिसतं. याच पेशी आतल्या कानालाही लागतात. तिथे त्या नसल्या तर ऐकण्याच्या पेशी जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच मरतात. अमेरिकेतल्या डाल्मेशियनांच्या तपासण्यांत सुमारे 8 टक्के कुत्री दोन्ही कानांनी आणि 22 टक्के एका कानानं बहिरी आढळली. तमिळनाडूतल्या पांढऱ्याशुभ्र, गुलाबी नाकाच्या राजपालयममध्येही बहिरी पिल्लं जन्मतात.

घरी पाहायचं तर पिल्लू झोपलेलं असताना, त्याला दिसणार नाही आणि वारा किंवा हादरा लागणार नाही असा आवाज करा. पण एका कानाचं बहिरेपण यात पकडता येत नाही. तान्ह्या बाळांची बेरा चाचणी करतात, त्याच तत्त्वाची चाचणी कुत्र्यांसाठीही असते आणि ती पाच-सहा आठवड्यांनंतर करता येते. तुमच्या शहरात सोय आहे का, ते जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. एका कानाचं कुत्रं घरात मजेत राहतं, पण पांढऱ्या जातीत त्याची जोडी लावू नये.

पांढऱ्या डोबरमनची गोष्ट आणखी निराळी. 1976 साली अमेरिकेत जन्मलेल्या एका मादीपासून ते पसरले. तो रंग नव्हे, रंगहीनतेचा दोष आहे. उजेडाचा त्रास आणि कातडीच्या गाठी त्यासोबत येतात. आपल्या उन्हात असा कुत्रा आणणं त्याच्यावर अन्याय आहे.

‘रेअर’ रंगाचा बाजार

काळा रंग फिकट करणारं एक अप्रभावी जनुक आहे. दोन प्रती आल्या की काळ्याचा निळसर राखाडी होतो, चॉकलेटीचा चंदेरी. वायमरानर ही जात सगळी अशीच असते. हाच प्रकार लॅब्रडॉरमध्ये ‘सिल्व्हर’, ‘चारकोल’, ‘शॅम्पेन’ अशा नावांनी विकला जातो. तो लॅबमध्ये मुळात कुठून आला यावर वाद आहे. जातीच्या मानकांत मात्र तीनच रंग आहेत. फिकट रंगाच्या कुत्र्यांत, विशेषतः निळ्या डोबरमनमध्ये, केस विरळ होण्याचा एक आजार दिसतो. तो बहुधा सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होतो, पाठीवरचे केस गळतात, कातडीला वारंवार जंतुसंसर्ग होतो. औषधांनी त्रास कमी करता येतो, केस परत आणता येत नाहीत. दुप्पट पैसे देऊन हा रंग घेणाऱ्याला हे आधी सांगणारा विक्रेता क्वचित भेटतो.

नेहमीचे रंगही पूर्ण निर्धोक नाहीत, पण तिथे दोष रंगाचा कमी आणि निवडीचा जास्त. ब्रिटनमधल्या लॅब्रडॉरांच्या 2018 सालच्या अभ्यासात चॉकलेटी कुत्र्यांचं मध्यम आयुष्य 10.7 वर्षं आणि इतरांचं 12.1 वर्षं आढळलं. कान आणि कातडीचे आजारही चॉकलेटी कुत्र्यांत अधिक होते. एक शक्यता अशी की चॉकलेटी रंग हमखास मिळावा म्हणून मोजक्याच घराण्यांत जोड्या लावत गेल्यानं आजारही सोबत आले असतील. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमाभागातले कारवान मला म्हणूनच आवडतात. फिकट पिवळसर, तांबूस, काळे, राखी असे सगळे रंग त्यांच्यात चालतात, कारण पाळणाऱ्यानं सशामागे धावणारे पाय निवडले, रंग निवडला नाही. तिथे आता एखादाच रंग ‘शुद्ध’ ठरवून बाकीचे मागे टाकण्याची हौस कुणी करू नये.

पिल्लू घेताना आईबाप दोघेही पाहा, निदान त्यांचे फोटो मागा आणि रंग ताडून बघा. दोन्ही पिवळे लॅब असताना काळं पिल्लू दाखवत असतील, दोन्ही चॉकलेटी असताना काळं असेल, किंवा मर्ल पिल्लाचे आईबाप दोघेही बिनमर्ल असतील आणि चाचणीचा रिपोर्ट नसेल, तर कागदावरचे आईबाप खरे आहेत का ते विचारा. 2017 सालच्या कुत्र्यांच्या प्रजनन आणि विक्रीच्या नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आठ आठवड्यांनंतर रंगही जरा स्थिरावतो. डाल्मेशियन पांढरेच जन्मतात आणि ठिपके साधारण दोन आठवड्यांनी उमटू लागतात. जर्मन शेफर्डची पिल्लं गडद जन्मतात आणि पुढे उजळतात. फिकट पिल्लू कधी चक्क हिरवट जन्मतं. वारेतल्या पित्तरंजकाचा तो डाग असतो, काही दिवसांत जातो.

जोडी लावण्याआधी आणि नंतर

डीएनए चाचणीसाठी गालाच्या आतून कापसाच्या काडीनं नमुना घेतात. पिल्लाचा घ्यायचा असेल तर दूध पिऊन बराच वेळ झाल्यावर घ्या, नाहीतर आईच्या पेशी मिसळतात. रिपोर्टात प्रत्येक जनुकाला एकेक इंग्रजी अक्षर असतं आणि त्याची जोडी लिहिलेली असते. लॅबसाठी बी आणि ई ही अक्षरं पाहिली तरी पुष्कळ कळतं. फिकट रंगासाठी डी, मर्लसाठी एम. प्रभावी प्रत मोठ्या लिपीत, अप्रभावी छोट्या लिपीत. पण रंगाच्या चाचणीवर पैसे टाकण्याआधी नितंबाच्या सांध्याचा एक्स-रे आणि डोळ्यांची तपासणी करून घ्या. लंगड्या चालीच्या लॅबचा रंग कितीही सुंदर असला तरी त्याची पिल्लं होऊ देऊ नयेत.

मादीचा माज साधारण तीन आठवडे चालतो आणि त्यातले बरेच दिवस ती नराला जवळ येऊ देते. ठरवलेल्या नराशी मेटिंग झालं म्हणून तिला मोकळं सोडलं, तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात. हे खरोखर घडतं, आणि त्याचा निकाल डीएनएच्या पितृत्व चाचणीनं लागतो. ‘एकदा गावठी लागला की मादी कायमची बिघडली’ ही मात्र निव्वळ समजूत. मागच्या नराचा पुढच्या वेतावर काहीही परिणाम होत नाही. या समजुतीपायी चांगल्या माद्या घराबाहेर काढल्या गेल्या आहेत.

पिल्लं जन्मली की एक वही करा. प्रत्येकाचा रंग, नाक, पापण्यांच्या कडा, पांढरे डाग कुठे, आणि जन्मताच, दोन आठवड्यांनी, आठ आठवड्यांनी काढलेला फोटो. क्लॅरेन्स लिटल या शास्त्रज्ञानं 1957 साली कुत्र्यांच्या रंगांवर मोठं पुस्तक लिहिलं, तेव्हा डीएनए चाचणी नव्हती. त्यांचा आधार वेतांच्या अशाच नोंदी होत्या. पुढच्या जोडीच्या वेळी तुमची वही कोणत्याही ब्रीडरच्या तोंडी हमीपेक्षा जास्त सांगेल.

आणि दोन प्रतींचं मर्ल किंवा बहिरं पिल्लू तुमच्या घरात आधीच जन्मलं असेल, तर ते लपवून विकू नका. हातवाऱ्यांवर ते सगळं शिकतं. बस, ये, थांब यासाठी प्रत्येकी एकच खूण ठरवा आणि घरातल्या सगळ्यांनी तीच वापरा. अंधारात बोलावायला टॉर्चची उघडझाप पुरते. झोपेतून उठवताना आधी जमिनीवर हात थोपटा, मग अंगाला हात लावा. रस्त्यावर पट्टा कधी सोडू नका. आंधळंही असेल तर घरातलं सामान हलवू नका आणि पाण्याचं भांडं कायम एकाच जागी ठेवा. वय झालं की नसबंदी करून घ्या, आणि त्याच आईबापांची जोडी पुन्हा लावू नका.